नागपूरच्या गादीचा वारस

नागपूरच्या भोसल्यांचं राज्य वाचवायचं, हे कैलासछाया अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये ठरलं, आणि ठरलं तेव्हा कोरमसुद्धा पुरा नव्हता.

विषय गणपतीच्या देखाव्याचा होता. थर्माकोलचं केदारनाथ दोनदा करून झालं होतं. मागच्या वर्षी चांद्रयान केलं, तर ते दोरीवरून उतरताना पाण्याच्या टँकरवर जाऊन बसलं आणि टँकरवाला ते घेऊनच गेला. म्हणून यंदा काहीतरी भारदस्त करायचं, असं अध्यक्ष तात्यासाहेबांनी जाहीर केलं. तात्यासाहेब मूळचे अजिंठ्याकडचे. घरची शेती राखून शहरात स्थायिक झालेले, आणि सोसायटीच्या बोअरपासून पार्किंगच्या रेघांपर्यंत सगळ्यात त्यांचं मत असायचंच. ते म्हणाले, "बोला. कुणाच्या डोक्यात काय हाय?"

अशा प्रश्नानंतर लोक सहसा मोबाईल बघायला लागतात. पण श्रीनिवासराव उठून उभे राहिले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, स्वभावानं सरळ, अंगानं किरकोळ माणूस. नोकरीतली काही वर्षं त्यांनी नागपूरला काढली होती, आणि येताना लोक संत्र्याची बर्फी आणतात तशी त्यांनी तिथून एक हळहळ आणली होती.

तसं बघितलं तर प्रत्येक मध्यमवर्गीय माणसाचं एक तरी राज्य बुडालेलं असतं. कुणाचा बायपासचा प्लॉट भावानं लाटलेला असतो, कुणाचं इंजिनिअरिंग थोडक्या मार्कांनी हुकलेलं असतं. श्रीनिवासरावांचं नागपूर गेलं होतं. अठराशे त्रेपन्न साली तिसरे रघुजीराजे भोसले वारले. पोटी वारस नाही, दत्तक घेतलेला नाही. पुढच्याच साली कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं आणि हत्ती-घोडे लिलावात निघाले. हे सांगताना श्रीनिवासरावांचा आवाज असा बसायचा, की नवख्याला वाटावं, यांच्याच घरचा एखादा हत्ती गेला.

"राजांनी हातीपायी धड असताना, चांगली दहा वर्षं आधी, राजरोस दत्तक घेतला असता," ते म्हणाले, "कंपनीच्या रेसिडेंटसाहेबाला समोर खुर्ची टाकून, अत्तरगुलाब देऊन, सरदारांच्या साक्षीनं घेतला असता, तर राज्य वाचलं असतं. आपण तेच दाखवायचं. सजीव देखावा. जे झालं नाही, ते."

"सातारकरांनी घेतला व्हता की दत्तक," तात्यासाहेब म्हणाले. "तेबी गेलंच."

"अगदी शेवटच्या घटकेला घेतला. घाईघाईत. साहेबाची मंजुरी नाही."

"अन् तुमच्या ह्याच्यात साहेब मंजुरी देतो?"

"देतो."

"का देतो?"

"वेळेवर मागितली म्हणून."

वेळेवर मागून काही मिळतं, हा भाग तात्यासाहेबांच्या अनुभवाच्या बाहेरचा होता. दुसऱ्या मजल्यावरचे श्रीरंग वकील तेवढ्यात म्हणाले, "नागपूर कशाला पण? आपल्याकडं निजाम होता. तो तर चांगला टिकला. त्याचं कुणी कौतुक केलं का?" राजाचं हे असंच असतं. टिकला की लोकांना वाटतं हा जातो कधी, आणि गेला की वाटतं राहायला हवा होता. ठराव मंजूर झाला, कारण दुसरी सूचना पुन्हा केदारनाथाचीच होती.

आता नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी सजीव देखाव्याला परवानग्या. मांडवाची वेगळी, लाउडस्पीकरची वेगळी, तात्पुरत्या विजेची वेगळी. त्या सगळ्या मिळाल्या, पण देखाव्याचा विषय लिहून द्यायला श्रीनिवासराव चौकीत गेले तिथं गाडी अडली. तिथल्या साहेबांनी संहिता चाळली आणि विचारलं, "राजा शेवटी मरतो का?"

"नाही. राज्य वाचतं."

"अन् खरं काय झालं होतं?"

"गेलं."

"मग हे खोटंय."

"खोटं नाही साहेब. तसं झालं असतं तर, असं आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. झालेल्या गोष्टीला परवानगी देता येते, होणाऱ्या गोष्टीला देता येते. 'झाली असती तर' या गोष्टीसाठी त्यांच्याकडं रकाना नव्हता. त्यात त्यांचा तरी काय दोष. अखेर श्रीनिवासरावांनी कोऱ्या कागदावर लिहून दिलं, की सदर प्रसंग कधीही घडलेला नाही व तो घडल्याचा मंडळाचा दावा नाही. ज्या गोष्टीची उभा जन्म हळहळ केली, ती घडली नाही असं स्वतःच्या सहीनं लिहून देताना माणसाला काय वाटतं, हे ज्याचं त्यालाच कळतं. बाहेर येऊन त्यांनी उसाचा रस घेतला आणि अर्धा तसाच ठेवला.

मग पात्रांची निवड. रेसिडेंट म्हणून श्रीरंग वकील, कारण त्यांच्याकडं हॅट होती. त्यांना एकच वाक्य होतं, "कंपनी सरकारास हे दत्तविधान मंजूर आहे." ते वाक्य ते जिन्यातून जाता-येता म्हणायचे, त्यामुळं दूधवाल्यालासुद्धा पाठ झालं. राजा व्हायला मात्र कुणी तयार होईना. राजाला तास-दीड तास फेटा बांधून बसायचं होतं आणि भाद्रपदातला उकाडा भयंकर. तेव्हा श्रीनिवासरावच राजे झाले. चष्मा काढला तर त्यांना रेसिडेंट दिसत नव्हता, म्हणून चष्म्यासकट झाले.

आणि दत्तकपुत्र म्हणून सार्थक. त्याच्याबद्दल कुणी चर्चासुद्धा केली नाही, इतकं ते सरळ होतं.

सार्थक हा समोरच्या फ्लॅटमधल्या विश्वजीत आणि मंजुषाचा मुलगा. विश्वजीत वाळूजच्या कंपनीत, मंजुषा बँकेत. पोरगं रांगायला लागल्यापासून त्याची दुपार श्रीनिवासरावांकडं जायची. शाळेची रिक्षा त्याला यांच्याच दारात सोडायची. शैलाताई, म्हणजे श्रीनिवासरावांच्या पत्नी, त्याला गरम पोळी तूप-गूळ लावून द्यायच्या. श्रीनिवासराव पाढे घ्यायचे, आणि मग दोघं पंख्याखाली चटईवर झोपायचे. 'नाना' हे नाव त्यांना त्यानंच दिलेलं. श्रीनिवासराव आणि शैलाताईंना मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या घरात कुणी बोलायचं नाही, आणि बोलायची गरजही दुपारच्या वेळी पडायची नाही.

आता मुख्य पंचाईत. श्रीनिवासरावांना दत्तविधान खरंखुरं दिसायला हवं होतं. त्यासाठी त्यांनी छावणीतले बद्रीनाथ गुरुजी गाठले. गुरुजी मोठे कडक. म्हणाले, "मी नाटकातला भटजी नव्हे. मंत्र म्हणायचे तर पुरते म्हणायचे. विधी अर्धवट सोडला की कुणाला तरी लागतो. जमत असेल तर सांगा."

शैलाताई म्हणाल्या, "अहो, कशाला? फूल उचला, टाळ्या वाजवा, संपलं. खेळातल्या लग्नाला कुणी खरे ब्राह्मण बोलावतं का?"

पण श्रीनिवासरावांना अस्सलपणाचं वेड. ते म्हणाले, "अर्धवट केलं म्हणूनच तर राज्यं गेली." वाक्य चांगलं होतं, त्यामुळं त्यांना ते खरंही वाटलं. गुरुजींना होकार गेला.

गौरी गेल्यानंतरच्या शनिवारी पहिला खेळ. पार्किंगमध्ये लाल गालिचा, प्लायवूडचं सिंहासन, भिंतीला टांगलेला भोसल्यांचा भगवा. छोटंसं होमकुंड, आणि त्याच्याशेजारी फायर एक्स्टिंग्विशर, तो सरदार दिसावा म्हणून त्याला शेला पांघरलेला. समोर खुर्च्या भरलेल्या. पहिल्या रांगेत विश्वजीतच्या मातोश्री आशाबाई. लासूर स्टेशनजवळच्या गावाहून त्या दर गणपतीला नातवासाठी यायच्या. डोक्यावरून पदर, हातात जपमाळ, आणि देवाधर्माच्या बाबतीत भल्याभल्यांना हटकणाऱ्या.

गुरुजींनी आचमन केलं, आणि त्याच क्षणी तिसऱ्या मजल्यावरून आरोळी आली, "नळ आले."

आता बाहेरगावच्या वाचकाला हे समजणार नाही, पण आमच्या शहरात आठवड्यानं येणारं पाणी हे कुठल्याही राजापेक्षा मोठं असतं. दरबार उठला. सरदार चप्पल न घालता पळाले, भालदार भाला टाकून मोटर लावायला गेले. खुद्द रेसिडेंट हॅट धरून जिना चढले. शैलाताई कानात संवाद सांगायला बसल्या होत्या, त्याही "आलेच" म्हणून गेल्या. मंजुषा मुलाची जन्मदाती म्हणून नवऱ्याच्या हाताला हात लावून बसली होती, ती कुजबुजली, "अहो, पिंप रिकामं आहे," आणि तीही गेली.

"गुरुजी, जरा थांबूया," श्रीनिवासराव म्हणाले.

"विधी थांबत नसतो," गुरुजी म्हणाले. "देणारा आहे, घेणारा आहे, मूल आहे, अग्नी आहे. बाकीच्यांचं काही अडत नाही. यजमान, हातात पाणी घ्या. नाव, गोत्र उच्चारा."

इथं संहितेत रघुजीराजांचं नाव होतं. पण ज्या माणसानं जन्मभर सत्यनारायणाला, वास्तुशांतीला, श्राद्धाला पळीनं हातावर पाणी घेतलंय, त्याला "नाव, गोत्र" म्हटलं की त्याच्या तोंडून काय निघणार? ते म्हणाले, "श्रीनिवास. काश्यप गोत्र." विश्वजीतला विचारलं, त्यानंही स्वतःचंच नाव सांगितलं. मुलाचं नाव, सार्थक. गुरुजींनी चालू शके, तिथी, वार, नक्षत्र आणि शहरासकट संकल्प सोडला. अठराशे त्रेपन्नचा त्यात मागमूस उरला नाही.

मग गुरुजी म्हणाले, "आता मागा. पुत्रं मे देहि. मला पुत्र द्या. मान खाली घालून मागायचं. भिक्षा मागावी तसं मागा, असं शास्त्र सांगतं."

श्रीनिवासरावांनी मान खाली घातली आणि मागितलं. विश्वजीत घड्याळाकडं बघत "ददामि" म्हणाला आणि पाणी सोडलं. सार्थकला त्यांच्या मांडीवर बसवलं. गुरुजी म्हणाले, "मस्तक हुंगा."

फेटा सरकवून श्रीनिवासरावांनी त्या डोक्याचा वास घेतला. खोबरेल तेल, घाम आणि थोडा शाळेतल्या खडूचा वास. रोज दुपारी चटईवर शेजारी असायचं तेच डोकं. पण आजवर ते शेजाऱ्याचं होतं. पुढं त्यांना मोठ्यानं म्हणायचं होतं, की आजपासून भोसल्यांच्या गादीला वारस मिळाला. ते मुलाला धरून नुसते बसले.

"नाना, डायलॉग," सार्थक हळूच म्हणाला.

तेवढ्यात रेसिडेंट धापा टाकत परत आले आणि त्यांनी हॅट काढून खणखणीत आवाजात सांगितलं, "कंपनी सरकारास हे दत्तविधान मंजूर आहे."

टाळी वाजली नाही. पहिल्या रांगेत आशाबाई उभ्या राहिल्या होत्या. सगळा विधी अथपासून इतिपर्यंत ऐकणारं माणूस मांडवात तेवढं एकच होतं. त्या पुढं आल्या, मांडीवरून नातू उचलला आणि म्हणाल्या, "नाव तुमचं, गोत्र तुमचं. अग्नी खरा, बामण खरा. ह्ये नाटक नव्हं, भाऊ. माझं नातवंड घेतलं तुम्ही."

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. सोमवारपासून सार्थकला शाळेच्या रिक्षातून उतरवून घ्यायला आशाबाई स्वतः गेटपाशी उभ्या राहायला लागल्या. समोरच्या फ्लॅटचं दार लागलं ते लागलंच. विश्वजीतनं आईला समजावून बघितलं. ती म्हणाली, "तुझा बाप गेला, उद्या मी जाईन. ह्यो पोरगा पाणी कुणाला सोडंल? आपल्या पितरांना का त्यांच्या?" कंपनीत विश्वजीतच्या हाताखाली पुष्कळ माणसं होती, पण घरात त्याचं पद तेवढं मोठं नव्हतं.

सल्ल्यांना मात्र ऊत आला. कुणी म्हणालं, होमकुंडाला उलट्या प्रदक्षिणा घाला, आपोआप सुटतं. कुणी म्हणालं, सोसायटीच्या सभेत ठराव करून दत्तक रद्द करा, दोनतृतीयांश बहुमत लागेल. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर 'सार्थक कोणाचा?' असं मतदान टाकलं, ते तात्यासाहेबांनी काढायला लावलं, पण तोवर 'सांगता येत नाही' हा पर्याय पुढं होता. तात्यासाहेबांची काळजी वेगळीच होती. देखावा स्पर्धेचे परीक्षक यायचे होते, आणि इथं राज्याला वारस आणि मांडवाला पात्र, दोन्ही नव्हती. ते म्हणाले, "दुसरं एखादं पोरगं घ्या ना. दत्तकच घ्यायचंय." श्रीनिवासरावांनी त्यांच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की तात्यासाहेबांनी विषय बदलून बोअरवर आणला.

गुरुजींना विचारलं, "परत देता येईल का?" ते म्हणाले, "दत्तक गेलेलं मूल पुन्हा दत्तक देता येत नाही. विधी उलटा होत नसतो. मी म्हटलं होतं, जमत असेल तर सांगा."

दुपार झाली की शैलाताई सवयीनं तीन ताटं काढायच्या आणि एक परत ठेवायच्या. समोरच्या दाराआडून सार्थकचा आवाज यायचा, तेराचा पाढा. तेरा साते एक्क्याण्णव तो नेहमी चुकायचा. आताही चुकला, आणि आजीला ते कळलं नाही, ती "व्हय, पुढं" म्हणाली. श्रीनिवासराव दाराशी जाऊन उभे राहिले. बेल वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. मागं वळले तर शैलाताई बघत होत्या.

"राज्य वाचवायला निघाला होतात," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच जास्त लागलं. "हातात होतं तेवढंही घालवलंत."

त्या दिवशी श्रीनिवासराव दुपारी झोपले नाहीत. फेटा खुंटीवर होता, त्याच्याकडं बघत बसले. इतकी वर्षं त्यांचं मत ठाम होतं, की राजाचं चुकलं. साधी गोष्ट, वेळेवर करायची, केली नाही. दिवाण झोपले असतील, कारभारी नालायक असतील. पण मान खाली घालून "पुत्रं मे देहि" म्हटल्यावर त्यांना पहिल्यांदाच वाटलं, की राजाला कदाचित दिवाणांनी अडवलं नसेल. दत्तक मागायचा म्हणजे चारचौघांत कबूल करायचं, की माझ्याकडं नाही आणि मला हवंय. साध्या पाटबंधारे खात्यातल्या माणसाला ते कधी जमलं नव्हतं. राजाला तर भालदार-चोपदारांसमोर करायचं. उद्या बघू, उद्या बघू म्हणत गेला असेल बिचारा. खरं काय ते देवालाच ठाऊक. पण श्रीनिवासरावांचा राजावरचा राग त्या दुपारी गेला.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी सकाळी तात्यासाहेबांनी सगळ्यांना मांडवात बोलावलं. मूर्तीसमोर खुर्च्या टाकल्या. एका बाजूला आशाबाई, शेजारी विश्वजीत, मंजुषा आणि तिला चिकटून सार्थक. दुसऱ्या बाजूला श्रीनिवासराव आणि शैलाताई. गुरुजीही आले होते. बोलले श्रीरंग वकील. हॅट नसताना ते बरेच शहाणे वाटत.

"मी कायदा काढून बघितला," ते म्हणाले. "नाव, गोत्र, होम, याला फारसा अर्थ नाही. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात तसा हेतू पाहिजे. हेतू नसेल तर दत्तक नाही. गुरुजी, शास्त्राचं काय?"

"संकल्प मनाचा असतो," गुरुजी म्हणाले. "मन नसेल तर नुसता आवाज. तसं यजमान बोलले, तर माझंही समाधान आहे."

"मग झालं. श्रीनिवासरावांनी देवासमोर एवढंच म्हणायचं, माझ्या मनात तसं काही नव्हतं. एक वाक्य. की विषय संपला."

मांडवात एकदम मोकळं वाटलं. एवढंसं होतं तर. तात्यासाहेब म्हणाले, "मंग रातच्याला परीक्षकांना बोलावतो." आशाबाईंनी जपमाळ कपाळाला लावली. "बोला भाऊ. तुमच्या तोंडून ऐकलं की माझा जीव भांड्यात पडंल. दुपारी पोरगं धाडते पहिल्यासारखं."

श्रीनिवासराव उठले. सार्थक त्यांच्याकडं बघून ओठांनी न बोलता "नाना" म्हणाला. एक वाक्य म्हटलं की तो परत यायचा होता. पोळी, पाढे, चटई, सगळं परत. त्यांनी हात जोडले, तोंड उघडलं. आणि काही आलंच नाही. वकिलांना वाटलं, वाक्य विसरले. ते हळूच म्हणाले, "माझ्या मनात तसं..."

"माहीत आहे मला वाक्य," श्रीनिवासराव म्हणाले. "पण म्हणता येत नाही. खोटं होईल."

त्यांनी जोडलेले हात खाली घेतले.

"नाव मी सवयीनं सांगितलं, असं सगळे म्हणतात. असेलही. पण मागितलं ते सवयीनं नाही मागितलं. डोक्याचा वास घेतला तेव्हा मी राजा नव्हतो. माझ्या मनात होतं. फार दिवसांपासून आहे. तुमचा मुलगा आहे, मला ठाऊक आहे, आशाबाई. तुम्ही त्याला पाठवू नका, मी तक्रार करणार नाही. पण नव्हतं असं मला देवासमोर म्हणता येणार नाही."

शैलाताई खुर्चीवरून उठल्या आणि नवऱ्याशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "मी तर पाणी भरत होते," त्या म्हणाल्या, "पण माझ्याही मनात आहे." मंजुषानं पदर डोळ्यांना लावला. वकिलांनी कागदाची घडी केली. केस त्यांच्याच पक्षकारानं घालवली होती.

आशाबाई मग मुलाकडं वळल्या. "विश्वजीत, तू ददामि म्हणला. तुझ्या मनात काय व्हतं?"

विश्वजीत ओशाळला. "खरं सांगू आई? मोटरचं. आपल्या टाकीचा कॉक उघडायचा राहिला होता."

"अन् तुझ्या?"

"मी तर पिंपाकडं गेले होते," मंजुषा म्हणाली.

"मंग झालं," आशाबाई म्हणाल्या. "ह्यांनी पदर पसरला, पर त्यात कुणी काय टाकलंच नाय. घेणाऱ्याचं मन व्हतं, देणाऱ्याचं नव्हतं. दत्तक झाला नाय. बरोबर का, गुरुजी?"

"बरोबर," गुरुजी म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांना कुणी निकाल सांगून वर बरोबर का विचारलं नव्हतं.

श्रीनिवासरावांनी मान हलवली. निकाल योग्यच होता. त्यांनी हात जोडले आणि निघायला वळले.

"थांबा भाऊ," आशाबाई म्हणाल्या. "माझं झालं नाय. तुम्ही आत्ता नव्हतं म्हणला असता ना, तर मी व्हय म्हणून घरी गेले असते, अन् पोरगं पुन्हा तुमच्या दारात धाडलं नसतं. ज्याच्या मनात काय नाय, त्याच्याजवळ माझं नातवंड मी दिवस दिवस कशाला ठिवू?"

त्यांनी सार्थकच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पुढं सरकवलं. "जा. जेवायची येळ झाली. अन् तो तेराचा पाढा तुझा बरोबर का चूक, मला काय समजत नाय, नानाला इचार."

सार्थक पळत आला आणि श्रीनिवासरावांचा हात धरून जिन्याकडं ओढायला लागला. श्रीनिवासरावांना पायऱ्या नीट दिसत नव्हत्या, म्हणून ते हळूहळू चढले. शैलाताई केव्हाच वर गेल्या होत्या. त्यांना अजून कणीक मळायची होती.